हिरवं राहिलेलं भात

दिघ्याजवळच्या बियाणे कंपनीच्या हरितगृहात अरुणाने भाताची एक लोंबी हातात घेतली आणि दाणा नखात दाबला. पोकळ. दुसरा दाबला, तोही पोकळ. तिसरा दाबायचं तिच्या जिवावर आलं. ती तिथेच उलट्या बादलीवर बसली.

खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत तग धरेल असं भात करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. रोपाच्या पेशींत आरएनएचे अगदी छोटे तुकडे असतात. मातीत मीठ वाढलं की त्यातले काही भराभर वाढतात आणि वाढीचा निरोप नेणारे लांब आरएनए मधेच तोडतात. मग रोप वाढायचं थांबतं आणि जीव धरून राहतं. अरुणाने असाच एक तुकडा आपल्या भातात मुद्दाम जास्त तयार होईल अशी सोय केली होती. खाऱ्या पाण्यावर साधं भात करपलं, तिचं हिरवंगार राहिलं. तेव्हा लॅबमध्ये पेढे वाटले गेले. पण लोंब्या फारच उशिरा आल्या आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

हेड ऑफिसचे पाहुणे येणार होते. त्यांच्या आधी लॅबचे प्रमुख अभय सर एकटेच आत आले. तिने लोंबी त्यांच्या हातात दिली.

"सगळ्या पोचट आहेत, सर."

त्यांनी दाबून पाहिलं. "आज हा विषय नको काढूस. हिरवं दिसतंय ना, तेवढंच दाखवू."

"आणि विचारलं तर?"

"अरुणा, हा प्रोजेक्ट चालू ठेवायला मी कुणाकुणाच्या हातापाया पडलोय, तुला माहितीये."

तिला माहीत होतं. तेवढ्यात पाहुणे आत आले. पाहुण्यांनी फोटो काढले, कौतुक केलं. मग त्यांच्यातल्या सरोजिनी मॅडमनी सहज विचारलं, "पीक किती येतं?"

सर खाली बघू लागले.

"येत नाही," अरुणा म्हणाली. "रोप वाचतं, दाणा भरत नाही. आम्ही वाढवलेला तुकडा मीठ नसतानाही वाढ अडवत बसतो. तो फक्त मीठ लागल्यावरच तयार होईल, असं करायला हवं."

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?"

"हो."

मॅडमनी मान हलवली आणि सगळे मिरचीच्या विभागाकडे वळले.

ते गेल्यावर सर कठड्याला टेकून उभे राहिले. तिला वाटलं, आता ओरडतील.

"बंद करतील बहुतेक," ते म्हणाले.

"करू देत."

"तसं नाही गं." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "कळवेपर्यंत वेळ लावतील. तोवर नवीन रोपं लावशील?"

"लावीन. आज नाही पण."

"आज नकोच."

जनुकांत बदल केलेली रोपं नियमाने कचऱ्यात टाकता येत नव्हती. वाफेच्या यंत्रात घालून मारावी लागत. अरुणाने हातमोजे चढवले आणि उपटायला सुरुवात केली. मुळांनी माती घट्ट धरली होती. अर्ध्या ओळीतच तिची कंबर धरली. ती सरळ झाली, घोटभर पाणी प्यायली आणि पुन्हा वाकली.