पेअरचा रस आणि दीनानाथजींचं पाणी

जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनच्या त्या हॉलमध्ये रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. दीडशे मराठी माणसं श्वास रोखून एका ग्लासाकडे बघत होती. ग्लासात पेअरचा, म्हणजे नाशपातीचा, रस होता. पाहुणे म्हणून आलेल्या आरोग्यगुरू दीनानाथजींनी त्यात बिनरंगी द्रावणाचे चार थेंब टाकले आणि दोन मिनिटांत रस गडद जांभळा झाला.

"हे फॉर्माल्डिहाइड," ते माइकवर हळुवार आवाजात म्हणाले. "प्रेतं टिकवायला वापरतात. तुम्ही मुलांच्या डब्यात देता."

मग त्यांनी यादीच वाचली. मश्रूम, कॉफी, भुशाच्या फळ्यांचं कपाट, इस्त्री न लागणारा शर्ट. सगळीकडे तेच विष, आणि त्यावर उतारा एकच, 'प्राणधारा'. ही एक चकचकीत धातूची नळी होती. तिची वाफ त्यांनी छोट्या पंपाने अभिमंत्रित पाण्यात सोडली, तेच चार थेंब टाकले. पाणी स्वच्छच राहिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

प्राणधारा म्हणजे ई-सिगारेट होती. निकोटिनच्या जागी तुळशीचा अर्क, बाकी तेच ग्लिसरीन आणि तीच तापणारी तार. ई-सिगारेट म्हटलं असतं तर आमच्याकडच्या सासूबाईंनी ती चिमट्यानेही उचलली नसती. मला हे कळत होतं. मी मागे उभा राहून हसलो आणि गप्प बसलो. इथल्या मराठी मंडळाचा सचिव मीच, हॉलच्या अर्जावर सही माझी. उगाच वाद नको म्हटलं.

पहिल्या रांगेत भास्करकाका होते. टपाल खात्यातून निवृत्त होऊन मुलाकडे, प्रतापकडे, राहायला आलेले. जुना दमा, पण दोन स्प्रेंवर ताब्यात होता. दीनानाथजींनी त्यांना सांगितलं की स्प्रे म्हणजेसुद्धा रसायनच, आधी ते सोडा. धाप वाढली तर नळीचं बटण लाल खुणेवर, म्हणजे सगळ्यात जास्त उष्णतेवर, न्या, कफ जळून जातो. काकांनी ते निष्ठेने केलं. प्रतापने अडवलं नाही, कारण नळी त्यानेच आणून दिली होती.

तीन आठवड्यांनी एका सकाळी काका ट्रामच्या स्टॉपवर कोसळले. चौथ्या दिवशी हॉस्पिटलमध्येच वारले.

त्यांची मुलगी देवश्री कायझर्सलाउटर्नला रसायनशास्त्रात पीएचडी करते. तेराव्यानंतर ती माझ्या घरी आली. रडली नाही, चहाही घेतला नाही. त्या माणसाला पुन्हा बोलवा, म्हणाली. मी म्हटलं, पोलिसांत जाऊ.

"जाणारच आहे. पण आधी ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यासमोर. मला त्याला समजवायचं नाहीये. मला त्याची जीभ जड झालेली बघायचीय."

तिचा चेहरा बघून मला भीती वाटली. तरी मी हो म्हटलं. हॉलच्या स्वयंपाकघरात दीनानाथजींची अभिमंत्रित पाण्याची अर्धी बाटली राहून गेली होती, तीही तिला दिली. तिने ती प्रयोगशाळेत तपासली.

दुसऱ्या कार्यक्रमालाही तेवढीच गर्दी झाली. रस जांभळा झाला, पाणी स्वच्छ राहिलं, टाळ्या वाजल्या. मग देवश्री उठली आणि हा प्रयोग मी करून बघू का, असं नम्रपणे विचारलं. दीनानाथजी खूश झाले. नवी भक्त दिसली असावी.

तिने दोन ग्लास मांडले. एकात त्यांचं पाणी, दुसऱ्यात नळाचं. खिशातून एक लहान कुपी काढून दोन्हींत दोन दोन थेंब टाकले.

"हे फॉर्मालिन आहे," ती म्हणाली. "म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्माल्डिहाइडच. आता तुमचं द्रावण द्या."

नळाचं पाणी जांभळं झालं. अभिमंत्रित पाणी तसंच राहिलं.

तिने सांगितलं की या पाण्यात सल्फाइट आहे. वाइन टिकवायला वापरतात, कुठेही मिळतं. ते फॉर्माल्डिहाइडला असं धरून ठेवतं की द्रावणाला ते सापडतच नाही. मग तिने वडिलांची नळी काढली, बटण लाल खुणेवर नेलं आणि पंपाने तीस वेळा वाफ नळाच्या ताज्या पाण्यात सोडली. थेंब टाकले. पाणी जांभळं झालं. शेवटी पिशवीतून अख्खा पेअर काढून सगळ्यांसमोर पिळला. त्या रसाला रंग चढलाच नाही.

"पेअरमध्ये फॉर्माल्डिहाइड असतं, हे खरं आहे," ती म्हणाली. "थोडं. आपल्या शरीरातही रोज तयार होतं. खाल्लेलं शरीर मोडून टाकतं. या ग्लासात ते इतकं कमी आहे की दिसतही नाही, म्हणून यांनी यांच्या रसात वरून घातलं होतं. वाफेतलं मात्र थेट श्वासनलिकेत जातं. तार जितकी तापेल तितकं जास्त. माझे बाबा दम्याचं औषध सोडून हे ओढत होते."

दीनानाथजी बाटल्या पिशवीत भरू लागले. प्रताप मूठ वळून त्यांच्या अंगावर धावला. देवश्रीने त्याला हाताने मागे ढकललं.

"मारू नकोस, दादा. उद्या हाच सांगेल, मला छळलं."

तिने दीनानाथजींच्या हातात एक कागद दिला आणि माइक पुढे धरला. तो डॉक्टरांचा अहवाल होता. वाचा म्हणाली. त्यांनी नकार दिला. दारात माणसं उभी होती, कुणी वाट देईना. अखेर ते वाचू लागले. एकेक जर्मन ओळ, आणि तिने सांगितलं म्हणून प्रत्येक ओळीचं मराठी. दम्याचा तीव्र झटका. श्वासनलिकांना गंभीर सूज. नेहमीची औषधं तीन आठवड्यांपासून बंद. तिथे त्यांनी कागद खाली ठेवला.

"कुणी बंद केली?" तिने विचारलं.

तिने माइक त्यांच्या तोंडाच्या आणखी जवळ नेला.

"मी सांगितलं होतं," ते म्हणाले.

हे दीडशे माणसांनी ऐकलं, कित्येकांनी फोनवर टिपलं. त्याच संध्याकाळी आम्ही पोलिसांत तक्रार दिली. देवश्रीला समाधान झालं का, हे मी विचारलं नाही. मला झालं, हे कबूल करतो. त्या माणसाला कबुली देताना बघून मला बरं वाटलं. पण पहिल्या रविवारी मी हसण्याऐवजी नळाचं एक ग्लास पाणी पुढे केलं असतं, तर काका आज असते.

म्हणून सांगतो. कुणी रंग बदलून दाखवला तर ग्लासात आधी काय होतं ते विचारा. पाणी तुम्ही आणा, फळ तुम्ही कापा. विष म्हणाला तर किती आणि शरीरात कुठून जातं, ते विचारा. चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू नका. आणि तुम्हाला खोटं दिसत असेल तर मागे उभे राहून हसू नका. तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर बोला.