जीपची चार चाके

मित्रांनो, कशेळ्याच्या नाक्यावरून मुरबाडच्या अंगाला थोडे पुढे गेलात, की पिठाच्या गिरणीमागे विटांवर उभी केलेली एक काळी मोटार दिसते. तिला चाके नाहीत. तिच्या मागच्या सीटवर गिरणीतली मांजर दर वर्षी पिले घालते. ती जुनी मोटार म्हणजे मी. माझी कथा सांगताना माझा गळा दाटून येईल, अशी आशा धरू नका. पुष्कळ वर्षे झाली, मला फारसे काही वाटेनासे झाले आहे. जसे घडले तसे सांगते.

माझी बनावट विलायतेची. १९५३ साली मी मुंबईच्या गोदीत बोटीतून उतरले आणि भिवपुरीच्या वीजघरातल्या एका इंजिनिअरसाहेबांकडे आले. तेव्हा माझी चाके लहान होती, त्यांवर चकचकीत टोप्या होत्या. साहेब रविवारी मुलांना घेऊन खोपोलीपर्यंत फिरायला जात आणि सावकाश परत येत. माळी रोज सकाळी मला पुसत असे. अकरा वर्षे अशी गेली. मग साहेबांची बदली झाली आणि मी नामाच्या दारात आले.

नामा कशेळ्याचा. आधी तो भाताची गाडी हाकत असे. मोटार शिकला, तरी चढावर तोंडाने ‘हर्र हर्र’ करायची सवय त्याची गेली नाही. कर्जत स्टेशन ते कशेळे अशा माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. पाच माणसांच्या जागेत नऊ बसत, शिवाय कोंबड्या वेगळ्या. मी कुरकुर करायचे, पण नामाने मला जपले हे खरे. दर सोमवारी तो पाचही चाकांची हवा बघे. चार खालची आणि डिकीतली स्टेपनी. स्टेपनीला तो देवातल्या भांड्यासारखे घासूनपुसून ठेवी. दसऱ्याला तिलाही बाहेर काढून फूल वाहायचा. नामाची बायको मोतीबाई म्हणायची, “माज्यापरीस त्या चाकाचाच मान मोठा हाय.”

आता वाडीचे सांगते. कशेळ्यापलीकडे डोंगराच्या पायथ्याशी उंबराची वाडी आहे, ठाकरांची वीस-बावीस घरे. तिकडे बैलगाडीची वाट होती. वाटेत दोन ओहोळ आणि दगडधोंड्यांचा एक लांब चढ. माझे पोट दगडांना घासे, म्हणून मी पहिल्या ओहोळापुढे कधी गेले नव्हते. वाडीत कुणी अडले-नडले, की माणसे झोळी करीत. बांबूच्या दांड्याला घोंगडी बांधायची, आत आजारी माणूस, दोन्ही टोकांना खांदे. दोन-अडीच तासांत ती झोळी कशेळ्याच्या दवाखान्यात पोहोचायची. तो दांडा कारभाऱ्याच्या पडवीत आडवा टांगलेला असे. तो साऱ्या वाडीचा होता आणि दुसऱ्या कुठल्याही कामाला कुणी त्याला हात लावत नसे.

एकदा वैशाखात भर उन्हात एक म्हातारा तशा झोळीतून आला. मोतीबाईने त्या लोकांना पाणी दिले आणि ती नामाकडे वळली. “तुमची गाडी निस्ती टेशनावरच मिरवायची का? त्या मान्सांचं खांदं बगा, सोलून निघाल्यात.”

नामा त्या रात्री जेवला नाही. ते त्याच्या मनाला लागले होते.

१९७१ साली कर्जतच्या बाजारातल्या गोमा मिस्त्रीला एका मोडीत निघालेल्या जीपची चार चाके मिळाली. उंच, रुंद, खोल नक्षीचे टायर. पाचव्याची रिम फुटकी होती, ते त्याने घेतले नाही. नामा मला घेऊन गेला आणि तीन दिवस मी गोमाच्या छपरात होते. माझी चाके चार बोल्टांवर बसत, जीपची पाचांवर. गोमाने जुने बोल्ट काढून टाकले, नवी भोके पाडली आणि पाच-पाच बोल्ट बसवले. वळताना टायर पत्र्याला घासत होता, म्हणून मडगार्डच्या कडा छिन्नीने तोडल्या. स्प्रिंगच्या पाट्यांत जास्तीची पाती घालून मला वर उचलले. दुखले का म्हणाल, तर दुखले. मी उंटासारखी उंच आणि बेढब दिसू लागले. वेगाचा काटा वीस दाखवी तेव्हा मी पंचवीसने पळत असे. म्हणजे चाकांपायी मी खोटेही बोलू लागले. स्टँडवरचे ड्रायव्हर म्हणाले, “नामा, नाकापरीस मोती जड झाला रं!” नामा हसला. त्याला कशाचेच काही वाटत नव्हते, इतका तो खूश होता.

जुनी स्टेपनी डिकीत होती तशीच राहिली. गोमाला वाटले, ही आता बसणार नाही हे नामाला ठाऊकच असेल. नामाला वाटले, गोमाने सगळे बघितलेच असेल. दोघांनीही शब्द काढला नाही. मला माहीत होते. पण आम्हा मोटारींना बोलता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी उंबराच्या वाडीवर चढले. दोन्ही ओहोळ ओलांडले, दगडांचा चढ ओलांडला. नामा साऱ्या वाटेभर ‘हर्र हर्र’ करत होता. वाडीत बुधी नावाच्या म्हातारीने माझ्या बॉनेटवर हळद-कुंकू लावले. तिचा मुलगा शुक्रा आणि नवी सून कोंडी दारात उभी राहून बघत होती. नामा मोठ्या आवाजात म्हणाला, “आता झोळी नाय करायची. निस्ता सांगावा धाडा, मी येतो.” माझ्या आयुष्यातला तो मोठा दिवस होता. पुढच्याच महिन्यात वाडीत लग्न निघाले, मांडवाला बांबू कमी पडला आणि पडवीतला तो दांडा कापला गेला. मोटार येते म्हटल्यावर कोण कशाला जपून ठेवील?

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात एका सकाळी शुक्रा धावत नाक्यावर आला. कोंडीला पहाटेपासून कळा येत होत्या आणि पोर आडवे आहे असे सुईण म्हणत होती. मी तेव्हा कर्जतच्या उतारूंनी भरलेली, निघायच्या बेतात होते.

“नामादादा, झोळी करू का?” शुक्राने विचारले.

“छ्या! झोळीत हिसकं बसतील तिला. टेशनावर मान्सं सोडतो न् तसाच येतो. तू जा वर. तिला हलवू नको.”

शुक्रा आल्या पावली परत गेला. नामाने बोलल्याप्रमाणे केले, वाटेत चहासुद्धा घेतला नाही. पण स्टेशनचे फाटक पडले होते, तिथे वेळ गेला. आम्ही वाडीत पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर यायला आले होते. कोंडीला मागच्या सीटवर आडवी केली. तिचे डोके बुधीच्या मांडीवर होते. शुक्रा पुढे बसला. नामाने मला इतके हळू उतरवले, की तसे त्याने कधी कुणा बड्या साहेबालाही नेले नसते.

दगडांच्या उतारावर एका धारदार दगडाने पुढचा टायर फाडला. वीतभर चीर पडली. नामा घाबरला नाही. “घाबरू नको कोंडे, स्टेपनी हाय,” असे म्हणत त्याने जॅक लावला, फाटके चाक काढले, डिकीतली लखलखीत स्टेपनी आणली आणि बोल्टांवर धरली.

ती बसली नाही. त्याने ती फिरवली. परत फिरवली. पाच बोल्ट आणि चार भोके. एक बोल्ट भोकात गेला, की बाकीचे पत्र्यावर टेकत. नामा बराच वेळ ती फिरवत राहिला. शुक्राने विचारले, “काय झालं?” नामाने स्टेपनी खाली ठेवली. मग त्याने फाटकेच चाक परत चढवले आणि मला शंभर पावले ओढले. टायर रिमवरून निघून मडगार्डमध्ये अडकला, तो सोडवायला नामाने पुन्हा जॅक लावून चाक काढले. त्यानंतर मी हलले नाही.

शुक्रा वाडीकडे पळत सुटला. दांडा नव्हता. रानातून नवा बांबू तोडायचा, माणसे जमवायची, घोंगडी आणायची, यात दीड तास गेला. तोवर नामा माझ्या चाकाशी उकिडवा बसला होता. आतून कोंडीचा आवाज येत होता. पुढे तो बारीक झाला. झोळी आली तेव्हा पुढच्या टोकाला नामाने स्वतः खांदा दिला आणि ते सगळे वळणाआड गेले. मी तिथेच तीन चाकांवर आणि जॅकवर उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नामा आणि बुधी त्याच वाटेने परत आले. त्यांच्या बोलण्यातून मला कळले. कोंडी वाचली होती. पोर मेलेले जन्मले. मुलगा होता.

नामा माझ्याजवळ थांबला. म्हणाला, “बुधीमावशे, माजं चुकलं.”

बुधी रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. ती थकलेल्या आवाजात म्हणाली, “तू यायचा म्हनून आमी थांबलो रं. उजाडताच निगालो असतो, तर ऊन व्हायच्या आत दवाखान्यात असतो.” एवढे बोलून ती चढ चढू लागली.

नामा चाक दुरुस्त करून घेऊन आला, बसवले, मला घरी आणले. वाटेत एकदाही ‘हर्र’ म्हणाला नाही. गोमा मिस्त्री माफी मागायला आला, त्याला त्याने चहा पाजला आणि लावून दिले. पुढे दोन-तीन वर्षे आम्ही कर्जतच्या फेऱ्या मारल्या. सोमवारी तो हवा बघायचा, पण कुणी हात धरून करवून घेतल्यासारखी. मलाही तसेच झाले होते. माणसे बसत, उतरत, मला त्यांचे ओझे जाणवत नसे. वाडीची माणसे नाक्यावर भेटत, नामाशी नीट बोलत. पण माझ्यात कुणी बसले नाही. त्यांनी कारभाऱ्याच्या पडवीत नवा दांडा टांगला होता.

कोंडीला पुन्हा दिवस गेले. सातवा महिना संपताच नामा स्वतः चालत वाडीवर जाऊन तिला वेळेआधी खाली आणायचे ठरवून आला. नववा लागल्यावर, कळा सुरू व्हायच्या कितीतरी आधी, तिला झोळीतून खाली आणली आणि मोतीबाईने तिला आपल्या घरात ठेवून घेतले. झोळीचे पुढचे टोक सारी वाट नामाच्या खांद्यावर होते. मुलगी झाली, धडधाकट. बातमी ऐकून नामा माझ्या दाराला टेकून उभा राहिला. रडेल असे मला वाटले. तो रडला नाही. थोड्या वेळाने त्याने चारही चाके उतरवली आणि गावातल्या धाऊला टायरच्या बैलगाडीसाठी देऊन टाकली. तेव्हापासून मी इथे, गिरणीमागे, विटांवर आहे.

आता वाडीपर्यंत सडक झाली, दिवसातून दोनदा एसटी जाते. नामाचे केस पांढरे झाले. रात्री-अपरात्री एसटी नसताना झोळी उतरली, तर कुणी न बोलावता तो अजून टोकाला खांदा लावतो.

मित्रांनो, शेवटी मी तुमच्याकडे काहीतरी मागेन, अशी तुम्ही वाट बघत असाल. मला रंग देऊ नका, माझ्यावर छप्पर घालू नका. मांजरीला हाकलू नका, एवढे पुरे. तुमच्याकडेही उद्या एखादी मोटार येईल, हौसेने तुम्ही तिला नवी चाके लावाल. जरूर लावा. फक्त कुणाला ‘थांबा, मी येतो’ म्हणण्याआधी सारे एकदा खरोखर बसवून बघा. कारण आपण ज्याला थांबायला सांगतो, तो थांबतो.