ग्रीसमधल्या अक्षता

शनिवारी सकाळी उत्तरा मागच्या शेडमध्ये रायफल पुसत होती आणि एकेका चिंधीबरोबर नवऱ्याचा उद्धार करत होती. तसा तो मनातल्या मनातच चालला होता, पण चिंध्या ज्या रीतीने बादलीत आदळत होत्या, त्यावरून घरात बसलेल्या रुचिरला तो ऐकू जात असणार.

जुन्या लष्करी गोदामातली रायफल म्हणजे काय, हे ती घरी आणणाऱ्यालाच कळतं. कुठल्याशा सैन्याने ती दाट तपकिरी ग्रीसमध्ये माखून, तेलकट कागदात गुंडाळून वर्षानुवर्षं पेटीत निजवून ठेवलेली. ग्रीसचं पार मेण झालेलं. आधी हेअर ड्रायरने ते मऊ करायचं, मग चिंधीने निपटायचं, मग टर्पेंटाइन आणि टूथब्रश घेऊन फटींमधून काढायचं. लोखंडावरचं निघतं. लाकडाने प्यायलेलं मात्र ऊब लागली की पुन्हा वर येतं. हे काम उत्तराला सुट्टी काढून, गाणी लावून, एकटीने, चवीचवीने करायचं होतं.

आता त्या ग्रीसमध्ये हळद होती, कुंकू होतं. बोल्टच्या खाचेत अक्षता रुतून बसल्या होत्या, त्या ती टाचणीने उकरत होती.

झालं होतं ते असं. नेदरलँड्समधल्या टिलबर्गच्या एका नेमबाजी क्लबात उत्तरा तीन वर्षं जात होती, भर पावसात सायकल हाणत. "आमच्या मॅडम गेल्या टिकल्या फोडायला," असं रुचिर मित्रांना सांगायचा आणि सगळे खो खो हसायचे. क्लबाने तिला पारखून घेतलं, पोलिसांनी घरी येऊन बंदुकीचं कपाट भिंतीत पक्कं ठोकलंय का ते पाहिलं, तेव्हा कुठे परवाना हातात पडला आणि ही रायफल घरी आली. अट सरळ होती. कपाटाची किल्ली जिचा परवाना तिच्याकडेच, आणि तिच्या गैरहजेरीत बंदुकीला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. उत्तराने किल्ली साबुदाण्याच्या डब्यात लपवली. या घरात तो डबा तिच्याशिवाय कुणी उघडलाच नव्हता. पण नवरात्रात पुण्याहून सासूबाई आल्या. त्यांचे उपास. खिचडीसाठी त्यांनी डब्यात हात घातला आणि सापडलेली किल्ली भाबडेपणाने मुलाच्या हातात दिली.

खंडेनवमीला उत्तरा आइंडहोव्हनला कामावर होती. इकडे रुचिरने रायफल काढून पाटावर ठेवली, सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली. इथवर एक वेळ तिने गिळलं असतं. पण मग चिरंजीवांनी जरीचा कुर्ता चढवला, रायफल खांद्यावर टाकली, आईकडून फोटो काढून घेतला आणि मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या घरची शस्त्रपूजा'. संध्याकाळी कारखान्याच्या क्लीनरूममधून बाहेर येऊन उत्तराने फोन उघडला तर कौतुकाचा नुसता पाऊस. 'सरदार शोभताय!' 'रुचिरराव, मानलं बुवा!' बंदूक कुणाची, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि यानेही सांगितलं नव्हतं. उत्तराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मंडळातला जयेशही त्याच क्लबात जायचा. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "कुणीतरी तो फोटो क्लबात दाखवला गं. सेक्रेटरीला पोलिसांना कळवावंच लागतं." आणि कळवलंच. आज जेवणाच्या आत पोलीस यायचे होते.

शेडचं दार करकरलं. रुचिर आत आला.

"हे बघ, मी विचार केलाय," तो म्हणाला. "तू एवढंच सांगायचं, की फोटो तूच काढलास. तू समोर होतीस म्हटलं की विषय संपला. थोडं बोलतील आणि जातील. माझ्या नावावर काही यायला नको, आणि तुझं लायसन्सही वाचेल."

"मी कामावर होते."

"ते कोण बघायला जातंय?"

चीड याची, की तो म्हणत होता ते बरोबर होतं. एका वाक्याने परवाना वाचला असता. खरं सांगितलं तर रायफल जाणार, परवाना जाणार, पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही. तीन वर्षांवर पाणी. उत्तराने ब्रश खाली ठेवला. तिला ते वाक्य म्हणून टाकायचं होतं, अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. "अगं, तू कशाला हात काळे करतेस? त्याची आहे ना, पुसू दे त्यालाच."

"कुणाची, आई?"

"रुचिरची. नेमबाजीला जातो म्हणून फोनवर सांगायचा ना मला. मेडल मिळालं तेव्हा मी शेजारी पेढे वाटले."

रुचिर छताकडे बघू लागला.

"चहा ठेवा तिथे, आई," उत्तरा म्हणाली, आणि तिने नळीतून शेवटची चिंधी ओढून काढली.

पोलीस आला तो पिकल्या केसांचा, अगदी सौम्य माणूस. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने फोटो दाखवला आणि विचारलं, हा काढला तेव्हा परवानेधारक कुठे होत्या? रुचिरने तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या.

उत्तरा तिच्या मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हणाली, "मी फोटोत नाही आणि फोटोच्या मागेही नव्हते. कामावर होते. किल्ली मी डब्यात ठेवली ही माझी चूक. बाकी सगळी त्याची."

पोलिसाने सुस्कारा टाकला आणि लिहून घेतलं. रुचिरला चौकशीला यायला सांगितलं. परवाना घेतला, रायफल लांब पिशवीत घातली. घालताना लाकडावरून अंगठा फिरवला आणि छान स्वच्छ केलीत म्हणाला.

दार लागताच रुचिर फणकारला. "झालं समाधान? घालवलीस ना स्वतःच्या हाताने?"

उत्तराने फोन उघडला. फोटो त्याने कधीच काढून टाकला होता, पण ग्रुपवर 'सरदार' अजून तसाच होता. त्याच्याखाली तिने लिहिलं आणि पाठवण्याआधी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं.

"रायफल माझी होती. मेडलही माझंच. रुचिरने आजवर एक गोळीसुद्धा झाडलेली नाही. आज पोलीस रायफल घेऊन गेले, कारण तिला हात लावायचा हक्क फक्त मला होता."

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. तो बघेना.

"ते मेडल कुठे ठेवलंयस?" त्यांनी उत्तराला विचारलं. "मला बघायचंय."

उत्तराने मेसेज पाठवला आणि मेडल आणायला वर गेली. राग काही उतरला नव्हता.