शनिवारचा कॉम्प्युटर

चष्मेवाल्याने सहा शनिवार वाट पाहिली आणि सातव्याच्या आत गेमचा कॉम्प्युटर घ्यायचा, असं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, काउंटरवर लेन्स पुसता पुसता मनात आलं, आणि मनात दुसरं काही नसल्यामुळे ते तिथेच राहिलं.

गोष्ट साधी होती. बायको लेकीला घेऊन वेगळी राहायला गेली, त्याला अकरा महिने झाले. भांडण नाही, तंटा नाही, कपबशी फुटली नाही. याने स्वतः खोकी बांधून दिली, टेम्पोवाल्याला पाणी विचारलं. ठरलं असं की लेक दर शनिवारी सकाळी दहाला बापाकडे येईल आणि संध्याकाळी सातला परत जाईल. लेक सोळा वर्षांची. लहानपणी बुटकी म्हणून तो तिला ठेंगू म्हणायचा. आता ती बापापेक्षा दोन बोटं उंच झाली तरी नाव तेच. ठेंगू नेमाने आली, आणि एक दिवस यायची थांबली. कारण तिने फोनवर सांगितलं. तिची चौघांची टीम आहे, शनिवारी दुपारी त्यांचा ऑनलाइन गेम असतो, आईकडे मामाने दिलेला दणकट कॉम्प्युटर आहे, आणि बाबाच्या घरी काय, तर दुकानाची बिलं करायचा लॅपटॉप. त्याच्यावर साधी बेरीज करायची म्हटली तरी त्याला धाप लागते.

"टीमला टांग नाही ना देता येत, बाबा," ती म्हणाली.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

हल्ली तो सगळ्यालाच बरोबर आहे म्हणायचा. दाढ काढताना गाल बधिर करतात ना, तसा हा माणूस अख्खा बधिर झाला होता. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता, भाजीत मीठ पडलंय की नाही हेही कळत नव्हतं. फक्त शनिवारी दहाच्या सुमारास तो गॅलरीत जाऊन उभा राहायचा आणि अकराला आत यायचा. तेवढं एकच ठिकाण अजून दुखत होतं. लेक यायची कायमची थांबली तर तेही दुखायचं थांबेल आणि मग आपल्या आत काहीच उरणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मोठ्या बहिणीला त्याने बेत सांगितला. ताई म्हणजे तोंडाने फटकळ, मनाने लोणी.

"अरे, पण पोरीला विचारलंस का, कुठला हवाय ते?"

"नाही. एकदम समोर ठेवणार."

"तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही. लग्नाला साडी घ्यायची तर नवरीला दाखवून घेतात रे!"

"घेतो बघून," तो म्हणाला. ताईने कपाळावर हात मारला असणार. फोनवर दिसलं नाही, पण आवाज आला.

कॉम्प्युटरचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. चालवणारी बाई पन्नाशीची, केसांत पेन खोचावं तसा स्क्रूड्रायव्हर खोचलेला. समोर टेबलावर एक उघडी पेटी, आत तारांचं जंजाळ. मान वर न करता तिने विचारलं, "बजेट?"

"मधलं."

"मधलं म्हणजे? सगळेच मधलं म्हणतात. कुणाचं मधलं माझ्या वरचं असतं, कुणाचं खालचं."

त्याने आकडा सांगितला. बाईने ओठ मुडपले. "बरं आहे. वाईट नाही. अंथरूण पाहून पाय पसरले तर मस्त झोप लागेल." आणि मग तिने एका दमात समजावलं. अगदी पहिलीतल्या पोराला समजावं असं समजावलं, बाईची चूक नव्हती. म्हणाली, गेमचा जीव ग्राफिक्स कार्डात असतो. चित्र काढायचं काम ते करतं, आणि एका सेकंदात जितकी जास्त चित्रं काढेल तितका गेम सरसर चालतो. तेव्हा निम्मा पैसा कार्डात घाला. उरलेल्यात प्रोसेसर, मेमरी आणि वीज पुरवणारा बरा डबा, पॉवर सप्लाय. स्वस्तातला घेतलात तर एक दिवस धूर निघेल. आणि शेवटी जे उरेल त्यात साधा पडदा. पडदा पुढे कधीही बदलता येतो.

"साधा म्हणजे कसला?" त्याने विचारलं. इतका वेळ तो नुसता मान हलवत होता.

बाईने दोन पडदे शेजारीशेजारी लावले. एक साधा, एक भारी. दोन्हीवर तेच चित्र, डोंगराचं, खाली बारीक अक्षरांत मजकूर. "पहिला बरा वाटतो की दुसरा?"

आता बघा गंमत. गेली बावीस वर्षं हा माणूस गिऱ्हाइकाच्या नाकावर चाचणीची फ्रेम चढवून, काचा बदलत, हाच प्रश्न विचारत होता. पहिलं बरं की दुसरं? त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो वाकला. अक्षरांच्या कडा पाहिल्या, बाजूने पाहिलं, मागे सरून पाहिलं, एक डोळा झाकून पाहिलं. साध्या पडद्यावर बारीक अक्षरं कडेला फुटत होती. लेकीचा चष्मा याने स्वतः बनवलेला, दोन वर्षांत दोनदा नंबर वाढलेला. ती या असल्या फुटक्या अक्षरांसमोर तासन्‌तास बसणार?

"दुसरा," तो म्हणाला.

"अहो, तो घेतलात तर कार्डाला पैसे कुठून आणणार? सगळ्यात खालचं कार्ड घालावं लागेल. नाकापेक्षा मोती जड होईल."

"डोळ्यांचा प्रश्न आहे."

"गेम कोण खेळणार?"

"मुलगी."

"तिला एक फोन लावा. दोन मिनिटांचं काम. मी थांबते."

त्याने फोन खिशातून काढला, बघितला, परत ठेवला. "दुसराच द्या," तो म्हणाला. बाईने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं की ते देवाचंही ऐकत नाही, हे तिलाही ठाऊक असावं. तिने स्क्रूड्रायव्हर केसांतून उपसला आणि नवी पेटी उघडली.

शुक्रवारी कॉम्प्युटर घरी आला. त्याने लेकीची खोली झाडली, टेबल खिडकीपासून दूर सरकवलं, म्हणजे पडद्यावर उजेडाची तिरीप नको. मग फोन केला.

"घरी गेमचा कॉम्प्युटर आणलाय."

"खरंच? कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. मला काय करायचाय?"

"…येते उद्या," ठेंगू म्हणाली.

आणि आली. दहाला पाच कमी असतानाच आली, पाठीवर सॅक, गळ्यात हेडफोन. पडदा पाहून तिचे डोळे मोठे झाले. "बाप रे! कसला भारी आहे!" चष्मेवाल्याच्या छातीत काहीतरी हललं. बरं वाटलं असावं. इतक्या दिवसांनी ओळखायला जरा वेळ लागला.

दुपारी टीम जमली आणि गेम सुरू झाला. तो दारात उभा राहून बघत होता. डोंगर, पडकी इमारत, गवताचं पातं न्‌ पातं दिसत होतं. पण चालत मात्र काही नव्हतं. चित्र पुढे जायचं, थबकायचं, एकदम उडी मारायचं. ठेंगूचा शिपाई दार उघडायला गेला आणि दार उघडायच्या आत मेला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मेला. हेडफोनमधून टीमची ओरड बाहेर ऐकू येत होती. ठेंगूने सेटिंग उघडली आणि भराभर एकेक गोष्ट खाली उतरवली. सावल्या गेल्या, गवत गेलं, डोंगर शेणाच्या गोळ्यासारखा दिसायला लागला. मग चित्र चालू लागलं.

"अगं, हे काय केलंस?" तो पुढे आला. "सगळं धूसर झालं!"

"धूसर चालतं, बाबा. अडखळलेलं नाही चालत. समोरचा मला उशिरा दिसला की मी मेलेच."

बावीस वर्षांत हजारो माणसं त्याच्या खुर्चीत बसून गेली. माणसाला धूसर चालतं, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"कार्ड अगदीच लहान आहे," ती हळूच म्हणाली, त्याला लागू नये अशा बेताने. "दुकानात सांगितलं नाही का कुणी?"

"सांगितलं होतं."

"मग मला विचारायचं ना रे."

"विचारलं असतं तर कुठलं सांगितलं असतंस?"

तिचा हात माउसवर चालतच होता. हेडफोन एका कानावर, एक कान मोकळा. "कुठलंच नाही," ती म्हणाली. "नको म्हणाले असते."

"का?"

"टीम रविवारीही खेळते, बाबा. शनिवारचं असं काही नाही." मग एकदम, पडद्यावरची नजर न काढता, तिने भडाभडा सगळं ओतलं. "इथे आले की तू बोलतच नाहीस. जेवलीस का, पंखा लावू का, संपलं. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसल्यासारखं वाटतं. सात कधी वाजतात असं होतं मला. आणि मग परत जाताना रडू येतं. आई म्हणते, तो तसाच आहे. पण तू तसा नव्हतास. मला वाटलं, मी येते तेच तुला नको असेल."

चष्मेवाला उभाच होता. काहीतरी बोलायला हवं होतं, नाहीतर ती संध्याकाळी सातला जाणार आणि परत येणार नाही, हे त्याला लख्ख कळत होतं. आणि मग, 'चष्मा गुरुवारी मिळेल' हे ज्या आवाजात गिऱ्हाइकाला सांगतात, त्याच सपाट आवाजात तो बोलून गेला, "तू मला हवी आहेस. तू नसतेस तेव्हा मला घर खायला उठतं. रोज सकाळी डोळे उघडले की पहिली तुझी आठवण येते."

माउस थांबला.

हेडफोनमधून कुणीतरी किंचाळलं, "अगं, मागून येतायत! हल ना!"

ठेंगूने माइक तोंडाजवळ ओढला. "मी थांबतेय. तुम्ही खेळा."

"मॅच चालू आहे, वेडे!"

"माझा बाबा बोलतोय," ती म्हणाली आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला. पडद्यावर तिचा शिपाई गोळ्या खाऊन पडला. तिने तिकडे पाहिलंही नाही. खुर्ची फिरवून ती बापासमोर बसली.

"परत सांग."

त्याने तोंड उघडलं. मघाशी वाक्य निसटून गेलं होतं, त्याचं वजन त्याला कळलंच नव्हतं. आता कळलं. "तू," तो म्हणाला. पुढचा शब्द येईना. त्याने दाराची चौकट धरली, आणि अकरा महिन्यांचं सगळं एकदम वर आलं. भर दुपारी, लेकीसमोर, तो ढसाढसा रडला.

ती गप्प हो म्हणाली नाही, पाणी आणायला उठली नाही. दुसरी खुर्ची पायाने त्याच्याकडे ढकलली आणि त्याला पुढचा शब्द जमेपर्यंत बसून राहिली.