बंगलीतले पाच पाहुणे

हरणाबाईनं बंगलीचं दार खांद्यानं रेटलं, तेव्हा आतून कुबट गवताचा वास आला आणि छपरातून एक उंदीर टपकन खाली पडून पळाला. मागं उभ्या असलेल्या पाच जणांपैकी एकालाही हसू आलं नाही.

"हीच का बंगली?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"हीच. नाव तेवढं मोठं हाय."

नाव खरंच मोठं होतं. वारणेच्या काठाला, गर्द झाडीत, कारवीच्या कुडाला शेणमाती फासून उभी केलेली ती एक लांबोडकी खोप. लढाईच्या आधी एका लाकडाच्या ठेकेदारानं आपल्या माणसांसाठी ती बांधली आणि धंदा बसल्यावर राखणदाराच्या, म्हणजे हरणाबाईच्या नवऱ्याच्या, हवाली करून तो गेला तो गेलाच. पुढं नवरा, आकाराम, पलटणीत भरती झाला. मग हरणाबाई दर हिवाळ्यात ही खोप भाड्यानं देऊ लागली. हिरड्याचे व्यापारी राहत, शिकारीची हौस असलेले कचेरीतले कारकून राहत, एकदा तर कोरेगावची भजनी मंडळी आठवडाभर टाळ कुटून गेली. ती स्वतः वरच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, आपल्या घरात राहायची.

चष्मेवाल्यानं आपलं नाव अनंत सांगितलं. सांगलीच्या शाळेत मास्तर. बाकीचे चौघे त्याच्या व्यायाम मंडळातले. रानातली हवा खायची, नदीत पोहायचं, दोन-चार दिवस मोकळं राहायचं, एवढाच बेत म्हणे. हरणाबाईनं मुद्दाम भाडं चढवून सांगितलं. घासाघीस होईल, जमलं नाही की आल्या वाटेनं जातील, असा तिचा हिशेब. मास्तरनं मुकाट्यानं पैसे काढून दिले. तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली. शहरातला माणूस, आणि घासाघीस करत नाही म्हणजे काय?

तोंडावर नाही म्हणायची सोय नव्हती. दर हिवाळ्यात भाड्यानं देणारी बाई ऐन माघात नाही म्हणाली, तर का नाही, असं कुणीही विचारलं असतं. आणि कारण जिभेवर आणण्यासारखं नव्हतं. उद्या दिवेलागणीला तिचा भाऊ गुंडा याच बंगलीत मुक्कामाला यायचा होता.

गुंडा इंग्रजांविरुद्धच्या चळवळीत भूमिगत होऊन दोन वर्षं होत आली होती. त्यानं तारा तोडल्या, चावडी जाळली, आणखी काय काय केलं, ते तिनं कधी विचारलं नाही. त्याच्या जोडीदाराला पोलिसांनी ओढ्यात गाठून गोळी घातली होती, हे मात्र तिला ठाऊक होतं आणि रोज भाकरी थापताना आठवत होतं. आई गेली तेव्हा गुंडा रांगत होता. त्याला न्हाऊ-माखू घालून, कडेवर घेऊन हिनंच मोठा केलेला. नदीच्या अलीकडं इंग्रजांचा सातारा जिल्हा, पलीकडं कोल्हापूर संस्थान. तो पलीकडं मनुबाई नावाच्या विश्वासातल्या म्हातारीच्या गोठ्यात दिवस काढायचा आणि अंधार पडला की कमी पाण्याच्या उतारावरून नदी ओलांडून बंगलीत यायचा. बहिणीच्या हातचं चार घास खायचा, घोरायचा, पहाटे निघून जायचा. तेवढ्यावर ती महिनाभर जगायची.

दुपारी पाचही जण नदीवर आंघोळीला उतरले. हरणाबाई वरच्या बाजूला भांडी घासत होती. परक्या पुरुषांकडं कशाला बघायचं, म्हणून तिनं पाठ फिरवली होती, पण एक जण तिच्याजवळच्या खडकावर येऊन धोतर पिळायला लागला आणि तिची नजर त्याच्या पायांवर गेली. गुडघ्याच्या खाली, घोट्यापर्यंत, पाय पांढुरका आणि तुळतुळीत. केस नावाला नाहीत. वर गुडघा काळाभोर, खाली पाऊल काळंभोर. तिनं मान जराशी वळवून बाकीच्यांकडं पाहिलं. मास्तर सोडला तर चौघांच्या नडग्या तशाच होत्या.

असे पाय तिनं आधी पाहिले होते. आकाराम रजेवर आला तेव्हा त्याचे पाय असेच झाले होते. दिवसरात्र बुटापासून गुडघ्यापर्यंत कापडी पट्ट्या गुंडाळून गुंडाळून केस झडतात, असं त्यानंच हसत सांगितलं होतं. पण पलटणीतली माणसं सगळी सातासमुद्रापार लढत होती. मग पट्ट्या बांधणारं दुसरं कोण? गेल्या श्रावणात झडतीला आलेल्या पोलिसांनी तिच्याच ओट्यावर बसून पट्ट्या सोडल्या होत्या आणि तिच्याच हातचा चहा प्याला होता.

हातातलं पातेलं निसटून पाण्यात पडलं. ती ते धरायला वाकली, ती बराच वेळ वाकूनच राहिली. पोलीस आहेत. चार शिपाई आणि चष्मेवाला फौजदार. गुंडा येणार हे कुणीतरी सांगितलं आणि हे आधीच येऊन त्याच्या अंथरुणावर बसले.

संध्याकाळी भाकऱ्या घेऊन ती बंगलीत गेली, तेव्हा चुलीपाशी मास्तर एकटाच होता. त्यानं उठून टोपली हातात घेतली. फौजदाराच्या मानानं फारच नम्र, असं तिला वाटलं, आणि त्या नम्रपणाचीच जास्त भीती वाटली.

"मालक कुठं असतात, ताई?"

"पलटणीत. लढाईवर."

"म्हणजे सरकारी नोकरीत."

"व्हय."

 चुलीतलं लाकूड मास्तरनं उगाच पुढं-मागं केलं.

"आणि माहेर? माहेरचं कुणी येतं-जातं का इकडं? भाऊ वगैरे?"

 तिनं आवाज चिरकू दिला नाही.

"माहेरला कोन उरलंच न्हाई, मास्तर. एक भाऊ हुता, त्यो तापानं गेला."

मास्तरनं चष्म्याआडून तिच्याकडं पाहिलं.  ती घरी आली, दाराला आतून कडी लावली आणि जित्या भावाला आपल्या तोंडानं मारलं म्हणून पदर तोंडात कोंबून रडली.

दुसऱ्या दिवशी तिला एकच काम होतं. मनुबाईला गाठायचं. पण नदीचा उतार बंगलीच्या समोरच, आणि उतारावर पहाटेपासून त्यांच्यातला एक जण गळ टाकून बसलेला. मानसिंग त्याचं नाव. मोठ्या छातीचा, मोकळ्या तोंडाचा गडी. गळाला मासा लागत नव्हता आणि त्याचं गळाकडं लक्षही नव्हतं. तो सारखा पलीकडचा काठ बघत होता. हरणाबाई दोनदा घागर घेऊन उतरली आणि दोनदा नुसतं पाणी भरून माघारी गेली. नदी ओलांडून गेली असती तर कुठं निघाली, हे त्यानं विचारलंच असतं. माघारी फिरवलं असतं तर सगळंच संपलं.

दुपार कलली. मास्तर बाकीच्यांना घेऊन सरपणाला रानात गेला होता. पलीकडच्या काठाला मनुबाई म्हशी पाण्यावर घेऊन आली. याच्यानंतर ती घरी जाणार, गोठा झाडणार आणि अंधार पडला की गुंडाला सोडणार. आता नाही तर नाहीच. हरणाबाईनं घागर खाली ठेवली आणि मानसिंगच्या देखतच हाक मारली.

"मनुबाई, आवं मनुबाई!"

मनुबाईनं कानामागं हात धरला. म्हातारीला कमी ऐकू यायचं आणि मध्ये पाणी खडकांवरून आदळत होतं.

"पाव्हण्यास्नी सांगा, बंगलीत मान्सं हायती. जागा न्हाई."

मनुबाईनं मान हलवली. ऐकू आलं नव्हतं.  हरणाबाईनं पुन्हा ओरडून पाहिलं, पण अर्धा आवाज पाण्यातच बुडाला.

"काय सांगायचंय, अक्का?" मानसिंग गळ खाली ठेवून उठला.

"काय न्हाई. दीर येनार हुता बैल बघायला. बंगलीत निजतुया कवा आला की. आता तुमी हाय, तर आत्याकडं जा म्हनायचं हुतं मुक्कामाला."

"एवढंच व्हय? सरा बाजूला."

त्यानं दोन्ही हातांचा कर्णा केला आणि छाती भरून असा आवाज टाकला की पलीकडच्या म्हशींनी माना वर केल्या.

"मनुबाई! बंगलीत जागा न्हाई! पाव्हण्यास्नी म्हनावं, आत्याकडं जावा मुक्कामाला! आत्याकडं!"

मनुबाईनं पाण्यापलीकडून आधी त्याच्याकडं, मग हरणाबाईकडं पाहिलं. हरणाबाईनं होकाराची मान हलवली. एकदाच, पण ठाम. म्हातारीनं म्हशी वळवल्या आणि रोजच्याहून जरा घाईनं झाडीत शिरली. ती समजली होती. गुंडाला मुक्कामाच्या दोनच जागा होत्या, एक ही बंगली आणि दुसरी शिराळ्याकडचा शालूआत्याचा मळा.

"झालं काम," मानसिंग म्हणाला आणि परत गळ धरून बसला.

"लय उपकार झालं, दादा," हरणाबाई म्हणाली. घागर कमरेवर घेऊन चढण चढताना तिला इतकं हसू यायला लागलं की पदर तोंडाला लावावा लागला. भल्या माणसा, तुझ्याच तोंडानं पाखरू उडवलंस की. आकारामला हे कधी सांगेन असं तिला झालं.

दिवेलागण झाली. बंगलीत कुणी गाणं म्हणेना की गप्पा मारेना. मास्तर उताराशी जाऊन उभा राहिला आणि पलीकडचा काठ दिसेनासा झाला तरी हलला नाही. हरणाबाई आपल्या ओट्यावर बसून त्याच्या पांढऱ्या सदऱ्याकडं बघत होती. बघ म्हणावं, डोळे फुटेपर्यंत बघ. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

सकाळी ती खाली गेली तर पाहुणे सामान बांधत होते. दोन दिवस आधीच निघाले होते. मास्तरचं तोंड एवढंसं झालं होतं, डोळे लाल. हरणाबाईला त्याची थोडी दयाच आली. पोटाला मिळवायला माणूस काय काय करतो, आणि रिकाम्या हातानं गेल्यावर वरचा साहेब ह्यालाच फाडून खाणार. तिनं वर जाऊन उरलेल्या पिठाच्या भाकऱ्या केल्या, वर लसणीची चटणी घातली आणि फडक्यात बांधून आणल्या.

"वाटंला ऱ्हाऊ द्या, मास्तर. लांब जायाचं तुमास्नी."

मास्तरनं हात पुढं केला नाही. तो त्या गाठोड्याकडं बघत राहिला आणि मग एकदम खाली जोत्यावर बसला.

"ताई, मी तुम्हाला खोटं सांगितलं," तो म्हणाला. "आम्ही हवा खायला आलो नव्हतो."

हरणाबाईनं गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं.

"हे चौघे पलटण सोडून आलेत. परत जायचं नाही त्यांना, इथं राहून लढायचंय. मी त्यांना गुंडाच्या हवाली करणार होतो. तुमच्या भावाच्या. तो तापानं गेला नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही का तसं म्हणालात, तेही समजलं. पण तुमचे मालक सरकारच्या पलटणीत, म्हणून माझा धीर झाला नाही. वाटलं, तो आला की त्यालाच सांगू. आला नाही. आता जाताना कुणाला तरी सांगितल्यावाचून माझा पाय निघत नाही, आणि तुम्ही तर भाकरी घेऊन आलात."

"काय सांगायचं हुतं?"

"चौघांचं राहू द्या. ते नंतरही होईल. निरोप दुसराच होता, आणि तो घाईचा. गुंडा कुठं असतो ते कुणालाच ठाऊक नाही, इथं येतो एवढंच आम्हाला कळलं होतं. तो आला की त्याला एवढंच सांगा. शालूआत्याच्या मळ्यावर पाऊल टाकू नकोस म्हणावं. आत्याचा जावई फितूर झालाय. तिथं उसात पोलीस दबा धरून बसलेत."

भाकऱ्यांचं गाठोडं हरणाबाईच्या हातात तसंच होतं.  तिनं मास्तरकडं पाहिलंच नाही. ती मानसिंगकडं पाहत होती.

मानसिंग गुडघा टेकून वळकटीला दोरी आवळत होता. हा निरोप त्यालाही आत्ताच कळत होता. आत्या हा शब्द ऐकला तशी त्याच्या हातातली दोरी सैल झाली. तो हळूहळू उभा राहिला.

"अक्का," तो म्हणाला, "त्यो दीर..."

"दीर नव्हता," हरणाबाई म्हणाली.

मास्तर एकदा त्याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघू लागला. "काय झालं? कुणी सांगेल का मला?"

"त्याला मळ्यावर धाडलाय, मास्तर. काल दुपारी."

"कुणी?"

  मानसिंगनं पायातल्या वहाणा काढून टाकल्या, धोतराचा काचा मारला आणि चढणीच्या वाटेला लागला. काही न विचारता बाकीचे तिघेही सामान तिथंच टाकून त्याच्या मागं पळाले. झाडीतून त्यांची पावलं थोडा वेळ ऐकू येत राहिली. मळा तिथून आठ कोसांवर होता आणि ऊन चांगलंच वर आलं होतं.