देस्पिनाचा जबडा आणि ऑगस्ट महिना

गेल्या हिवाळ्यात माझ्या बायकोचं तोंड एका बोटापेक्षा जास्त उघडेना. आईला ही बातमी कळली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दुःख उमटायला जरा वेळ लागला.

"कानापुढचा सांधा आहे हा," दातांच्या डॉक्टर मिलेवाबाई म्हणाल्या. "झोपेत दात आवळता तुम्ही. रात्री लावायला पट्टी दिली होती, ती कुठाय?"

देस्पिनानं पर्समधून पट्टी काढली. तिचे दोन तुकडे झाले होते.

"सगळ्यात जास्त कधी दुखतं?"

"ऑगस्टमध्ये," देस्पिना दातांच्या फटीतून म्हणाली. "सासूबाईंकडे मिरच्या भाजताना."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं अक्कलदाढेचं चित्र मन लावून बघत होतो.

मिरच्यांचं असं आहे. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या आदल्या रविवारी घरोघरी छताला लाल दोरा बांधतात, त्याला दगडासारख्या कडक पांढऱ्या हलव्याचा तुकडा लटकवतात आणि तो झुलवतात. हात न लावता, नुसत्या तोंडानं पकडायचा. बाकीच्यांकडे हा पोरांचा खेळ. आमच्याकडे वडिलांनी त्याला कायदा जोडून ठेवला: जो हलवा पकडेल, त्याच्या शब्दाप्रमाणे घरचा ऑगस्ट. वडील गेले, कायदा राहिला. दरवर्षी हलवा माझा धाकटा भाऊ क्रासेन पकडतो. त्याचा जबडा घोड्याचा आहे. दरवर्षी तो म्हणतो, "आईकडे मिरच्या." मग आम्ही महिनाभर गावाकडे मिरच्या भाजतो, सोलतो, चटणी रटरटवतो, बरण्या भरतो, आणि शेवटच्या रविवारी क्रासेन सोफियाहून गाडीची रिकामी डिकी घेऊन येतो.

देस्पिनाचे वडील, स्तामातबाबा, समुद्रकाठी पोमोरियेला एकटे राहतात. जन्मभर मिठागरात काम केलं, आता डोळ्यांनी कमी दिसतं. देस्पिनाला या ऑगस्टला त्यांच्याकडे जायचं होतं. पुढच्या ऑगस्टला ते असतील याची खात्री कोणी देत नव्हतं.

"जबड्याच्या स्नायूत इंजेक्शन देते," डॉक्टर सांगत होत्या. "स्नायू सैल पडेल, दुखणं कमी होईल. आठवड्या-दोन आठवड्यांत—"

"तोंड उघडेल?"

"उघडायला हवं. पण चावण्याचा जोर काही महिने कमी राहील. कडक काही खायचं नाही. तो हलवा तर अजिबात चावायचा नाही."

"नाही चावणार. द्या."

"आधी एका बाजूला देऊन बघू या का?"

"दोन्हीकडे द्या," देस्पिना म्हणाली आणि डोळे न मिटता खुर्चीत मागे रेलली.

त्या रविवारी आईनं नेहमीप्रमाणे दोरा दिव्याच्या हुकाला बांधला. हलवा लिंबाएवढा, अक्रोडांनी भरलेला, फरशीवर पडला तर फरशीची काळजी वाटावी असा. क्रासेननं पहिली झेप घेतली. हलवा त्याच्या नाकावर आपटला. आईनं पुन्हा झोका दिला. देस्पिनानं हात पाठीमागे बांधले, तोंड उघडलं, आणि मला लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या अक्कलदाढा दिसल्या. हलवा आत गेला. ओठ मिटले.

आम्ही 'कट्' आवाजाची वाट पाहू लागलो. आवाज येईना.

"चाव की गं!" आई म्हणाली.

देस्पिनाचे गाल नुसते हलले, उशी दाबावी तसे. हलवा तसाच. मग तिनं चावायचा नाद सोडला आणि स्वस्थ उभी राहिली. तोंडातून निघालेला लाल दोरा थेट हुकापर्यंत. ती हलवा विरघळवत होती.

"वहिनी, हे चालणार नाही! चावून तोडायचा असतो!" क्रासेन ओरडला.

"तुझ्या बापानं 'हात न लावता' एवढंच सांगितलं होतं," आई म्हणाली. "मी तिथंच उभी होते. बस खाली."

ओव्हनमधून काढलेली पनीरची खुसखुशीत बानित्सा गार होऊ लागली. क्रासेननं जेवायला सुरुवात केली. आई मात्र देस्पिनाभोवती फेऱ्या मारत होती.

"आज माफी मागायचा दिवस, सूनबाई," ती गोड आवाजात म्हणाली. "सुनेनं सासूची मागायची. माग बघू. मी लगेच देते, आणि हलव्याशिवायच पोमोरियेला पाठवते."

मला वाटलं, संपलं; माफी मागायला ही तोंड उघडणार. देस्पिनानं सासूकडे पाहिलं आणि एक बोट वर करून सावकाश हलवलं: थांबा.

आईनं कमरेचा ॲप्रन उचलला आणि सुनेच्या हनुवटीवरची लाळ पुसली. "माझ्या सासूपुढं मला हे सुचलं नाही," ती स्वतःशीच पुटपुटली.

शेवटी दोरा निसटला. टोकाला नुसती गाठ होती. देस्पिनानं अक्रोड गिळले, वर पाणी घेतलं.

"पोमोरिये," ती म्हणाली. "बाबांकडे, अख्खा ऑगस्ट. हेही येतायत." मग वाकून तिनं आईचा हात हातात घेतला. "आता माफ करा, आई."

"केलं," आई म्हणाली. "मला तू कर."

"केलं."

"मग मिरच्या कोण भाजणार?" आईनं विचारलं, आणि सगळ्यांच्या माना क्रासेनकडे वळल्या.

क्रासेनचा घास तोंडातच राहिला. कानाखाली त्याच्या जबड्याची गाठ टरारून वर आली.

देस्पिनानं ती नीट निरखली. "डॉक्टरांचा नंबर देऊन ठेवते हं, भावजी," ती म्हणाली.