धोंड्याच्या महिन्याची प्रत

पुसेगावच्या पलीकडच्या तांड्यात गुलाबचंदला सगळे 'बॅकअप' म्हणत, आणि त्याला त्याचा रागही येत नसे. टोपणनाव काही उगाच पडलं नव्हतं. एकदा वीज गेली आणि येताना संगणकाची डिस्क घेऊन गेली. अर्ध्या तांड्याच्या लग्नांचे फोटो त्यात होते. बाया महिनाभर त्याच्याशी धड बोलल्या नाहीत. तेव्हापासून त्याने नेम धरला. दर अमावास्येला अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची आणि बाहेरच्या डिस्कवर ठेवायची. अमावास्याच का, तर त्या दिवशी औत जुंपत नाहीत, माणूस घरी असतो.

प्रतींची नावंही तशीच. पोळा, दिवाळी, येळवस, जी अमावास्या असेल ती. तारीख घालायची गरज त्याला कधी वाटली नाही. प्रत काढताना यंत्र विचारी, 'या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी नवी ठेवू का?' गुलाबचंद 'हो' दाबी आणि चहा प्यायला जाई.

दुसरी त्याची खोड म्हणजे तो संगणक कधी पुरता बंद करत नसे. तो त्याला झोपवत असे. जे चालू असेल ते तसंच डिस्कवर उतरवून यंत्र गप्प होई आणि उठवलं की जिथे होतं तिथूनच पुढे चालू लागे. अमावास्येची प्रतही अशा झोपलेल्या डिस्कचीच निघे, पेनड्राइव्हवरचा प्रोग्राम लावून.

यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला होता. त्या महिन्याच्या अमावास्येच्या सकाळी त्याची बायको रूपाबाई भाकरी थापता थापता थांबली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"अवो," ती म्हणाली, "निलमचा आवाज मला आठवून न्हाई राहिला."

गुलाबचंदने तव्यावरची भाकरी उतरवली.

"तोंड दिसते. हात दिसतेत. बोलते बी सपनात, पण आवाजच न्हाई. कालपासून बसून राहिले, आठवून राहिले. आईला लेकीचा आवाज आठवत न्हाई म्हंजे काय म्हणावं?"

निलम त्यांची एकुलती एक. लग्न ठरलं होतं, आणि मागच्या धोंड्याच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तापानं गेली. गेलेल्या माणसाची वस्तू घरात ठेवायची नाही, असं रूपाबाईच्या माहेरी मानत. कपडे वाटले, फोन मामाच्या पोराला गेला. संगणकात निलमचं एक फोल्डर होतं. तिला रेकॉर्डिंगचा नाद, गाणी काय, बडबड काय, सगळं त्यात. रूपाबाईनं तेरा दिवस उलटले तशी हात जोडून सांगितलं होतं, "तिचा आवाज घरात नको. जीव अडकतो पोरीचा." गुलाबचंदने ते फोल्डर तिच्यासमोर पुसलं. पुसताना त्याच्या मनात धाकधूक नव्हती, कारण प्रती होत्या. बायकोचं मन राहिलं आणि आपल्या गाठीलाही आहे, असा त्याचा हिशोब. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते या अशा माणसांवरूनच.

"थांब," तो म्हणाला. "आहे माझ्यापाशी. दर महिन्याचं आहे."

रूपाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला मान खाली घालावी लागली. पण ती रागावली नाही. "मग लावा," एवढंच म्हणाली.

प्रत नुसती उघडून आत डोकावता येतं. त्याने 'दिवाळी' उघडली. फोल्डर नव्हतं. 'पोळा' उघडली. नव्हतं. येळवस, आखाडी, एकेक करत सगळ्या झाल्या. प्रत्येकीत तेच संगणकाचं घर, आणि त्यात निलमचा कोपरा तेवढा झाडून काढलेला. ती गेल्यावर वर्षभरात प्रत्येक अमावास्या पुन्हा आली होती, आणि प्रत्येक वेळी त्याने 'हो' दाबून जुनी प्रत पुसून तिच्या जागी नवी ठेवली होती. लेकीला त्याने एकदा नाही, बारा महिने, हप्त्याहप्त्याने पुसलं होतं. त्याने यादी पुन्हा वरपासून वाचायला घेतली.

मग यादीच्या तळाशी त्याला ते नाव दिसलं. धोंडा.

धोंड्याचा महिना दर वर्षी येत नाही. त्यामुळे ती एकच प्रत तशी राहिली होती, निलमच्या शेवटच्या पावसाळ्यातली. आणि आज संध्याकाळी चहाच्या आधी तो तीही पुसणार होता.

ती उघडेना. 'फाईलमध्ये दोष आहे' म्हणे. त्याने पुसेगावला स्टँडजवळच्या फारुकला फोन लावला. कंप्युटर दुरुस्तीत त्याचा हात बसलेला.

"गुलाबभाऊ, अर्धी खराब प्रत अशी नुसती उघडत न्हाई," फारुक म्हणाला. "पुरी उतरवा दुसऱ्या डिस्कवर. माझ्यापाशी जुनी पडून आहे, घेऊन जा. पण एक ध्यानात ठेवा, तुमची ती बाहेरची डिस्क म्हातारी झाली. एकदा वाचून देईल. दुसऱ्यांदा देईल का, खुदा जाणे."

दुपारी गुलाबचंदने चालू डिस्क काढून फारुककडून आणलेली जुनी बसवली आणि पेनड्राइव्हवरून प्रत उतरवायला लावली. हिरवी पट्टी सरकली आणि अडली. त्याने वायर बदलली. पुन्हा अडली. पुढचं भोक सोडून मागच्या भोकात वायर घातली, मग पट्टी पुढे गेली आणि बाहेरची डिस्क कटकट करू लागली, आत कोणी दार वाजवावं तशी. यंत्राने विचारलं, 'चूक आली तरी पुढे जाऊ का?' आयुष्यभर न वाचता 'हो' म्हणणाऱ्या गुलाबचंदने तो प्रश्न पुनःपुन्हा वाचला आणि मग देवीचं नाव घेऊन 'हो' म्हटलं. पट्टी भरली, आणि त्याच क्षणी बाहेरची डिस्क कायमची गप्प झाली.

रूपाबाई मागे गोठ्यात बैलांना कडबा टाकायला गेली होती. घरात चिटपाखरू नव्हतं. गुलाबचंदने बटण दाबलं.

संगणक सुरू झाला नाही, जागा झाला. पडद्यावर प्रत काढली त्या दिवशीचा पडदा. कोपऱ्यात त्या दिवशीची तारीख, त्या दिवशीची दुपार, मग घड्याळाने उडी मारली आणि आजचं झालं. मधोमध रेकॉर्डिंगची खिडकी उघडी होती. तिच्यात लाल ठिपका लुकलुकत होता.

त्याला आठवलं. त्या दुपारी निलम माइकसमोर बसली होती. ढावलो म्हणत होती. तांड्यातली नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून जे रडगाणं गाते, ते. रूपाबाई तिला शिकवत होती, एक ओळ लेकीची, एक आईची. आपली पाळी यायच्या आतच आई पाण्याला उठली, आणि तेवढ्यात गुलाबचंद आला, "सरक पोरी, अमावास्या हाय, प्रत काढायची." ती म्हणाली, "बा, अर्धं राहिलंय." त्याने तसंच यंत्र झोपवलं. नंतर ते रेकॉर्डिंग कोणी तरी न ठेवताच बंद केलं, बहुधा त्यानेच. पण प्रतीत ते चालूच राहिलं होतं. इतकी वर्षं ती अर्ध्यावर थांबून होती.

खिडकीत आवाजाची रेघ होती. डावीकडे निलमच्या आवाजाचे उंच डोंगर, मग सपाट, आणि सपाटीचं टोक हळूहळू उजवीकडे सरकत होतं. ते आजचं होतं. त्याचा श्वास त्यात उमटत होता.

"निलम?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

रेघ उसळली. खाली बसली. आणि मागोमाग एक लहानसा उंचवटा आला. खुर्ची करकरली असेल, असं त्याला वाटलं, पण तो हललाच नव्हता.

त्याने घाईने फोल्डर उघडलं. नावं सगळी होती, वाजत एकही नव्हतं. खोट नेमकी तिथेच पडली होती. म्हणजे निलमचा जेवढा आवाज जगात उरला होता, तो या खिडकीत होता, आणि तोही अजून कुठेच उतरवलेला नव्हता.

तेवढ्यात लाईट गेली. खालची यूपीएसची पेटी टीं टीं करू लागली. तीही म्हातारीच, घटकाभराची सोबत. थांबवायचं बटण समोर होतं आणि गुलाबचंदचं बोट त्यावर टेकेना. लाल ठिपका लुकलुकतोय तोवर पोरगी बसलेली आहे, उठून जायला आपणच सांगायचं, असं त्याला वाटत होतं. पेटीचा आवाज घाईला आला. त्याने डोळे मिटून बटण दाबलं. यंत्राने नाव विचारलं. त्याने अमावास्येचं नाव घातलं नाही. 'निलम' असं लिहिलं, पेनड्राइव्हवर ठेवलं, आणि पडदा काळा झाला.

लाईट आली तेव्हा उन्हं कलली होती. रूपाबाई हात पुसत आत आली आणि काही न विचारता त्याच्याजवळ खाली बसली. गुलाबचंदने रेकॉर्डिंग लावलं.

निलमचा आवाज आला. थोडा बसका, ओळीच्या शेवटी वर जाणारा. रूपाबाईने पदर तोंडाला लावला. "हाच," ती म्हणाली. "हाच व्हय." ओळ संपली आणि निलम म्हणाली, "याडी, आता तू म्हण." तांड्यात आईला याडीच म्हणतात. मग गुलाबचंदचं "सरक पोरी", आणि तिचं ते बाला उद्देशून, "अर्धं राहिलंय." मग शांतता.

त्या शांततेत रूपाबाईने आपली ओळ म्हटली. पोर गेल्यापासून तिने एकाही लग्नात तोंड उघडलं नव्हतं. आवाज फाटला, पण ओळ पुरी झाली. ती झाली आणि यंत्रातून गुलाबचंदचाच आवाज आला, "निलम?"

त्यामागोमाग, माइकच्या अगदी जवळून, "हूं."

गुलाबचंदने खुर्ची मागे सारली. रूपाबाई मात्र डोळे पुसता पुसता हसली.

"बराबर शिकली होती माझं लेकरू. आईची ओळ झाली की हुंकार द्यायचा, म्या सांगितलं होतं तिला." मग तिने त्याच्याकडे वळून विचारलं, "तुमी बी हाक मारली होती व्हय, त्या दिवशी?"

गुलाबचंदने संगणकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"व्हय," तो म्हणाला. "त्याच दिवशी."